बोटांनी पुसलेलं गाव

मित्रांनो, मी आशिया खंडाचा एक जुना नकाशा आहे. जगातली निम्म्याहून जास्त माणसं माझ्या पोटात राहतात, पण अजीर्ण म्हणून कधी झालं नाही!

माझा जन्म एका छापखान्यात झाला. पाठीला जाड कापड, वर-खाली लाकडी दांडे आणि अंगभर लाल ठिपके. एक ठिपका म्हणजे एक लाख माणसं. मोठ्या नद्यांच्या मैदानांत ठिपक्यांची ही दाटी, की पाय ठेवायला जागा नाही. सायबेरियात मात्र एखादाच, हाक मारली तर ओ यायला आठवडा लागेल असा.

शाळेत आलो तेव्हा काय थाट होता माझा! भूगोलाच्या बाईंनी मला उलगडलं, की सायबेरियातून असा गार वारा सुटायचा, की पहिल्या बाकावरच्या मुली स्वेटर चढवायच्या. गोबीच्या वाळवंटापाशी उभं राहिलं की घसा कोरडा पडायचा. खोटं वाटत असेल तर वर्गातल्या माठाला विचारा. आणि मला गुंडाळलं, की हिमालय हिंदी महासागरावर डोकं टेकून खुशाल घोरायचा.

बाईंचा एक नेम होता. नव्या वर्गाला त्या पहिल्याच दिवशी विचारायच्या, "आपण कुठे राहतो?" मग एकेकीनं पुढे येऊन आपल्या गावावर बोट ठेवायचं. आईनं ठेवलं तिथेच पुढे लेकीनं ठेवलं. खडूची बोटं, शाईची बोटं, खाऊनं चिकट झालेली बोटं! मला गुदगुल्या व्हायच्या. पण गंमत बघा, सायबेरियाला कुणी हात लावला नाही, तिथले ठिपके नवे कोरे राहिले. आपल्या गावाच्या आसपासचे मात्र घासून घासून साफ पुसले गेले.

एक दिवस नवे हेडसर वर्गात आले. मला न्याहाळून म्हणाले, "बाई, या नकाशात आपल्याकडे चिटपाखरू नाही! मुलींना असलं चुकीचं शिकवायचं? मामा, घाला हा रद्दीत."

"सर, जुना आहे हो, पण..." बाई म्हणाल्या.

शिपाईमामांनी दांडा धरला. मी असा हेलकावलो, की कॅस्पियन समुद्राला भरती आली!

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक बडबडी ताडकन उठली. "सर, मग आम्ही कोण? भुतं?"

वर्ग फिस्सकन हसला. ती मात्र हटली नाही. "माझ्या आईनं पण इथेच बोट ठेवलं होतं. इथे माणसं नाहीत असं कसं? माणसं आहेत म्हणून तर पुसलं गेलंय!"

हेडसरांनी वाकून ती पुसलेली जागा पाहिली. बाईंनी हळूच लाल पेन पुढे केलं. बडबडीनं एक ठिपका काढला. मग तिच्या मैत्रिणीनं. मग रांगच लागली.

"अगं पोरींनो, पुरे!" हेडसर ओरडले. "एक ठिपका म्हणजे लाख माणसं! हे गाव आहे की राजधानी?"

"असू द्या सर," मामा म्हणाले, "नळाला पाणी येतं तेव्हा तेवढीच दिसतात."

आता हेडसरांनाही हसू आवरेना. त्यांनी पेन घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि त्या दाटीत जागा शोधून स्वतःचाही ठिपका टेकवला. मामांनी दांडा सोडला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला जपा. त्याची घडी घालू नका, त्याच्या दांड्याला लोंबकळू नका. पण बोट जरूर ठेवा. आम्हाला भिंतीवर टांगतात ते त्यासाठीच. फक्त हात धुऊन या.