अर्लनच्या रायफलीतली पिन

ऑक्टोबरातली सकाळ होती. मी कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवत होते, तेवढ्यात मागच्या दाराशी अर्लन टोफ्ट दिसला. टोपी हातात, गाल थंडीनं लाल आणि खांद्यावर त्याची ती रायफल.

"जो, ट्रॅक्टर काढ," तो म्हणाला. "तुझ्या कुरणात एल्क पाडलाय. मोठा नर आहे. मला एकट्याला हलणार नाही."

एल्कच्या, म्हणजे आमच्याकडच्या घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा हंगाम उघडायला अजून अवकाश होता. मला वाटलं, म्हातारा तारीख चुकला, आता शिकारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनला काय सांगायचं? पण माणूस इतका खुशीत होता की मी अंगात कोट चढवला. ट्रॅक्टर काढला. तो मागच्या फळीवर उभा राहून सारखा बोलत होता. ओढ्याच्या पलीकडून मारलाय, वारा डावीकडून होता, एका जागी कोसळला, पाय झाडायलासुद्धा वेळ मिळाला नाही त्याला.

ते सगळं खरंच होतं. गोळी नेमकी पुढच्या पायामागे लागली होती. जनावर एका जागीच कोसळलं होतं. पण तो एल्क नव्हता. माझी पेनी होती. अंगानं भुरी, मानेवर काळी आयाळ, चौदा वर्षांची माझी घोडी.

अर्लन तिच्याभोवती फिरला. मग थांबला. वाकून तिच्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"शिंगं कुठं गेली?" त्यानं मला विचारलं. "आत्ता होती. जो, कुणीतरी शिंगं नेली गं."

तेव्हा मला कळलं की व्हर्ना वर्षभर काय लपवत होती.

व्हर्ना त्याची बायको. आम्ही तिघं एकाच शाळेत शिकलो, मोंटानाच्या ह्याच खोऱ्यात म्हातारे झालो. माझा नवरा गेल्यापासून त्यांचं घर हेच माझं दुसरं घर. अर्लननं जन्मभर लाकडाच्या गिरणीत करवतींची पाती जुळवायचं काम केलं. फार बोलणारा नव्हे. त्याला शौक एकच, ती रायफल. शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीची, पंचेचाळीस कॅलिबरची, आठपैलू नळीची, भरल्या बादलीसारखी जड. एका वेळी एकच काडतूस बसायचं. लिव्हर खाली ओढली की मागचा पोलादी ठोकळा खाली सरकायचा, काडतूस हातानं आत ढकलायचं, लिव्हर वर केली की बंद. दस्ता त्यानं स्वतः अक्रोडाच्या लाकडातून कोरला होता. आतल्या कितीतरी गोष्टी गिरणीच्या लेथवर स्वतः बनवल्या होत्या. गोळ्यासुद्धा गॅरेजमध्ये शिसं वितळवून ओतायचा. अंगठ्याएवढी एकेक गोळी.

लोक त्याची टर उडवायचे. "अर्लन, पहिली चुकली तर रे?"

"तर घरी जायचं. व्हर्ना सूप करते."

पण त्याची चुकलेली कुणी पाहिली नाही. नीट दिसल्याशिवाय, नीट उभा राहिल्याशिवाय तो चापाला बोटच लावायचा नाही. कितीदा तरी दिवसभर डोंगरात बसून हात हलवत परत यायचा, आणि त्याचं त्याला काही वाटायचं नाही.

पेनीला मी ट्रॅक्टरनंच खड्डा खणून कुरणाच्या कडेला पुरलं. व्हर्ना संध्याकाळी आली. हातात लेफ्से बांधलेलं फडकं होतं. गरम बटाट्याची पोळी, वर लोणी-साखर. दारातच ती रडायला लागली.

"तो तुला काय म्हणाला?"

"शिंगं चोरली म्हणाला."

"मला वाटलं, नावं विसरतो, तारखा विसरतो, इतकंच आहे. चुलीवर भांडं विसरतो. बंदुकीत कधी चुकला नाही गं, म्हणून मी..."

"बंदुकीत नाहीच चुकला," मी म्हटलं.

तिनं लेफ्से माझ्या हातात दिलं आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. मला राग होता. नव्हता असं नाही. पण तो ठेवायला जागा सापडेना.

रायफल आधी तिनं लपवली. लायलच्या ट्रेलरमध्ये, म्हणजे त्याच्या चाकांवरच्या घरात, पलंगाखाली. लायल तिचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही, त्यांच्याच घरामागे राहायचा, गिरणीत अर्लनच्या हाताखाली शिकला होता. अर्लनला दाजी कसला, बापच मानायचा. दुसऱ्या दिवशी अर्लननं दारावरच्या खुंट्या रिकाम्या पाहिल्या आणि घर उलथंपालथं केलं. गाद्या फाडल्या. शेरिफला फोन लावून चोरी झाली म्हणून सांगितलं. मग व्हर्नाच्या दंडाला धरून विचारायला लागला, तू कोण आहेस, माझ्या घरात काय करतेस? तिच्या दंडावर निळे वळ उठले. रायफल परत खुंट्यांवर ठेवली तेव्हा तो शांत झाला. खुर्ची ओढून रायफलीखाली बसला आणि झोपी गेला.

म्हणून लायलनं ते काम केलं. ठोकळ्यात एक बारीक पिन असते. चाप ओढला की खटका तिच्यावर आपटतो आणि तिचं टोक काडतुसाच्या बुडाला टोचतं. लायलनं ती काढली आणि तिच्या जागी आखूड पिन बसवली. मागून बघितलं तर काही कळायचं नाही. आवाज तोच, पण टोक पुढे पोचायचं नाही.

"त्याला कळलं तर?" मी विचारलं.

"माझ्या नावात गोंधळतोय तो, जो," लायल म्हणाला. "हे कुठलं कळतंय?"

हंगाम उघडला. रोज सकाळी अर्लन नारिंगी जाकीट घालून ट्रकमध्ये जाऊन बसायला लागला. मांडीवर रायफल. व्हर्ना समजावून घरात आणायची, तो परत जाऊन बसायचा. शेवटी तीच म्हणाली, "न्या त्याला एकदा. डोंगर बघून येईल."

आम्ही मुद्दाम ओढ्यावरच्या बोडक्या टेकडीवर गेलो. तिथं कित्येक वर्षांत एल्क फिरकला नव्हता. पातळ बर्फ पडला होता. लायल पुढे, मध्ये अर्लन, मागे मी. चढाला त्याचा पाय अडखळला नाही. खाली घरात चमचा कुठं ठेवायचा ते आठवेना त्याला, आणि इथं काडी न मोडता चालत होता. वर एका पडलेल्या ओंडक्याशी आम्ही बसलो. मी थर्मासातली कॉफी ओतली.

"शू," अर्लन म्हणाला.

खालच्या झाडीतून एल्क निघाले. आधी माद्या, मग वासरं, आणि सगळ्यांमागून एक नर. असा नर मी तरी आधी पाहिला नव्हता. लायलनं माझ्याकडे बघितलं.

अर्लननं दोन काठ्यांची कैची रोवली, नळी तिच्यावर टेकवली, काडतूस आत ढकललं. लिव्हर मिटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. त्याचे हात, जे घरी शर्टाचं बटण लावताना थरथरायचे, ते दगडासारखे स्थिर होते.

"जो, वारा?" तो कुजबुजला. माझं नाव बरोबर घेतलं त्यानं.

"आपल्या तोंडावर."

"त्याच्या मागं मादी आहे. ती सरकू दे."

आम्ही वाट पाहिली. मादी सरकली. नर एकटा उभा राहिला, आडवा, मान वर. अर्लननं श्वास अर्धा सोडला आणि चाप ओढला.

टक्.

बस, एवढंच. कळपानं माना वर केल्या. नरानं आमच्या दिशेनं बघितलं. अर्लन हलला नाही. नळी तशीच रोखून थांबला, कारण कधीकधी काडतूस उशिरा पेटतं आणि घाई करणाऱ्याचं तोंड जातं. तेही त्याला आठवत होतं. एल्क एकामागून एक चालत झाडीत शिरले. मग त्यानं लिव्हर ओढली, काडतूस बाहेर काढलं, त्याचं बूड उजेडात धरलं. कोरं होतं. टोचल्याची खूणच नव्हती.

त्यानं हातमोजा काढला. ठोकळ्याच्या तोंडाला अंगठा लावला आणि मागून दुसऱ्या हातानं पिन दाबली. टोक अंगठ्याला लागायला हवं होतं. पुन्हा दाबली. मग लायलकडे बघितलं.

"पिन कुठंय?"

"तुटली असेल, अर्लन."

"ही माझी पिन नाही. ही आखूड आहे." पुन्हा एकदा दाबून बघून म्हणाला, "चांगली केलीय. तू केलीस?"

लायल बर्फाकडे बघत होता.

"का रे?"

लायल बुटानं बर्फ उकरत राहिला. आणि ती घोडी माझी होती, म्हणून मीच बोलले. "ऑक्टोबरात तू माझी पेनी मारलीस, अर्लन. तुला एल्क वाटला."

तो ऐकत होता. ते शब्द हळूहळू आत उतरताना त्याच्या तोंडावर दिसत होते. "पेनी?" तो म्हणाला. "अगं, ती जन्मली तेव्हा मी होतो. पाय आडवा आला होता." मग ओंडक्यावर बसला, दोन्ही हातांत तोंड धरलं आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. लायल त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता, त्याची बाही धरून. बऱ्याच वेळानं अर्लननं नाक पुसलं. "बरं केलंस," तो लायलला म्हणाला. रायफल त्याच्याकडे दिली आणि उतरायला लागला.

आम्हाला वाटलं, संपलं. वाईट झालं, पण एकदाचं झालं.

दुसऱ्या सकाळी तो जाकीट घालून ट्रकमध्ये बसला होता. काही आठवत नव्हतं. ना टेकडी, ना नर, ना पेनी. पण रायफल हातात आल्याबरोबर त्यानं लिव्हर ओढली आणि ठोकळ्याला अंगठा लावला. आजवर असं कधी करत नव्हता. डोक्यातून गेलं होतं, अंगठ्यातून गेलं नव्हतं.

"पिन कुठंय?" तो ओरडला. "लायल! कुणी काढली माझी पिन?"

लायलला खोटं बोलता आलं नाही. त्यानं पुन्हा सांगितलं. आणि अर्लन पुन्हा पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडला. त्याच्या पुढच्या सकाळी पुन्हा तेच. कधी रडायचा, कधी लायलला चोर म्हणायचा, एकदा तर घराबाहेर हाकललं. दर सकाळी माझी घोडी मरायची, आणि दर सकाळी ती त्यानंच मारलेली असायची. व्हर्ना जेवेनाशी झाली.

मी एक दिवस त्यांच्या टेबलाशी बसून म्हटलं, "पिन परत बसव, लायल."

"वेड लागलंय तुला?" व्हर्ना म्हणाली. "तुझीच घोडी गेली ना?"

"म्हणूनच सांगते. काडतुसं काढा, बंदुकीची दारू काढा, शिसं काढा, गॅरेज धुऊन टाका. एक काडतूस राहता कामा नये. पण बंदूक त्याची त्याला पुरी द्या. काडतुसं संपतात, त्यात कुणाचा दोष नसतो. पिन कुणीतरी काढावी लागते."

लायल मूळची पिन आणायला उठून आपल्या ट्रेलरकडे गेला. आम्ही दिवसभर घर झाडलं. जाकिटाचे खिसे, बुटांचे खोके, पिठाचा डबासुद्धा बघितला. सगळी काडतुसं मी माझ्याकडे नेऊन कुलपात ठेवली.

सकाळी अर्लननं लिव्हर ओढली, अंगठा लावला, मागून दाबलं. टोक लागलं. त्यानं लिव्हर मिटली, रुमालानं नळी पुसली.

"काडतुसं?" त्यानं विचारलं.

"संपलीत. गोळ्या ओतायला हव्यात," लायल म्हणाला.

"हं. बघू वेळ मिळाला की."

सबंध हिवाळा असाच गेला. तो खिडकीपाशी बसून रायफल पुसायचा. मी जायचे तेव्हा कधी मला ओळखायचा, कधी नाही. ओळखलं की हमखास विचारायचा, "पेनी कशी आहे?"

"कुरणात आहे," मी सांगायचे.

"थंडी फार आहे. गवत टाक तिला."

"टाकते."

व्हर्ना अशा वेळी उठून दुसऱ्या खोलीत जायची.

मार्चमध्ये त्याला निमोनिया झाला. दवाखान्यात तो कुणालाच ओळखत नव्हता. लायल रात्रंदिवस उशाशी होता. शेवटच्या दिवशी अर्लन त्याला म्हणाला, "तुम्ही कुठल्या गिरणीत कामाला?" लायलनं गिरणीचं नाव सांगितलं. "तिथं माझा मेव्हणा आहे," अर्लन म्हणाला. "त्याच्या हातात कसब आहे. भेटा त्याला." हे सांगता सांगता लायल अजूनही उठून बाहेर जातो.

रायफल लायलनं घेतली नाही. हात लावायलाच तयार नाही. व्हर्ना ती माझ्याकडे घेऊन आली. "घरात टांगलेली राहिली तर मी रोज तिच्याकडे बघत बसेन," ती म्हणाली. "आणि फ्रीजर रिकामा आहे."

त्या शरदात मी एकटीच शिकारीला गेले. रायफलीचं वजन कसं आहे ते चढावर कळलं. एक मादी मिळाली, वासरू बरोबर नसलेली. पहिल्याच गोळीला पडली. बंदुकीचा धक्का खांद्याला असा बसला की मी बर्फात बसले, आणि तिथंच बसून मला जे रडू आलं ते पेनीचं होतं की अर्लनचं, मला सांगता येणार नाही.

मांस आम्ही तिघांनी व्हर्नाच्या टेबलावर कापलं. लायल सुरीला धार लावत होता, मी कागदात गुंडाळत होते. व्हर्नानं माझी बाही वर सारून खांदा बघितला. जांभळा-काळा पडला होता.

"बर्फ लावलास का?"

"नाही."

"त्याचाही असाच व्हायचा दरवर्षी," ती म्हणाली, "आणि तोही कधी लावायचा नाही." मग ती फ्रीजरकडे गेली, मटारची गोठलेली पिशवी काढली, माझ्या खांद्यावर दाबून धरली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.