पटावरचं दहावं नाव

पडद्यावरचा मास्तर रडवेल्या चेहऱ्यानं मोटारीत बसला, मोटार सुटली आणि गावातली पोरं धूळ खात तिच्यामागे धावू लागली. सभागृहात दोघीतिघींनी रुमाल काढले. बाईंच्या शेजारी बसलेले, निवृत्तीला टेकलेले गुरुजी मात्र हळूच पुटपुटले, "सुटला बिचारा."

चित्रपट परदेशी होता. शहरात बुटांचं दुकान टाकायची स्वप्नं बघणारा एक तरुण मनाविरुद्ध लांबच्या खेड्यात शिकवायला जातो. आधी नाक मुरडतो, मग फळा नाही म्हणून उपड्या होडीच्या तळावर खडूनं अक्षरं काढतो, पोरांत रमतो आणि शेवटी परत जातो. शिक्षकांना स्फूर्ती मिळावी म्हणून शिक्षण खात्याच्या साहेबांनी तो मुद्दाम मागवला होता. बाईंचा निम्मा वेळ, ओल्या लाकडावर खडू उमटतोच कसा, याच विचारात गेला.

त्याही अशाच नाक मुरडत डोंगरावरच्या शाळेत गेल्या होत्या. आधी बस, मग दोरखंडाचा पूल, मग तासभर चढ. "चार महिने काढ, बदली करून घेऊ," नवरा म्हणाला होता. त्याला आता चार वर्षं झाली. बदलीचा अर्ज त्यांनी दोनदा लिहिला आणि दोन्ही वेळा त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूवर पोरांना भागाकार घातले.

दिवे लागले. "काय शिकलो आपण?" साहेबांनी विचारलं. कुणी त्याग म्हणालं, कुणी निष्ठा. बाईंचा हात वर गेला.

"साहेब, तो मास्तर गेल्यावर त्या पोरांना कोण शिकवतं?"

"अहो बाई, चित्रपट संपला तिथे."

"मास्तरचा संपला. पोरं तर धावतच होती."

मागून कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि चहाच्या आधीच कागद वाटायला घेतले. ज्या शाळांच्या पटावर दहा मुलं नाहीत, त्या बंद करून मोठ्या शाळांना जोडायच्या होत्या. शिक्षकांनी फक्त संमतीची सही करायची. बाईंच्या पटावर नऊ मुलं होती आणि मोठी शाळा पुलाच्या पलीकडे, आठ किलोमीटरवर. पावसाळ्यात तो पूल दोन-दोन महिने बंद असे.

"मी सही करणार नाही," बाई म्हणाल्या.

"मग सोमवारी मी स्वतः येतो. दहा डोकी दाखवा. आणि हो, या वेळी आजोबा बसवू नका!"

सगळे हसले. मागच्या तपासणीला गावानं खरंच एका आजोबांना शेवटच्या ओळीत बसवलं होतं. साहेबांनी हटकल्यावर म्हातारा बिचकला नव्हता. "मलाही वाचता येत नाही की. मग मी का चालत नाही?" असं त्यानं ठणकावलं होतं.

हसू ओसरल्यावर साहेब आवाज उतरवून म्हणाले, "बाई, रागावू नका. पण शाळा एवढी चांगली आहे, तर तुमची मुलगी कुठे शिकणार आहे?"

टोमणा असता तर बाईंनी सव्याज परत केला असता. पण प्रश्न खरा होता.

मुलगी, म्हणजे भिंगरी, इथेच शहरात आजीजवळ होती. सहा वर्षांची. जूनमध्ये शहरातल्या शाळेत जायची होती, गणवेशही शिवून झाला होता. संध्याकाळी बाई घरी पोचल्या तेव्हा ती गणवेश अंगावर चढवून आरशासमोर गिरक्या घेत होती.

"मी हिला रविवारी घेऊन जातेय," बाईंनी उंबऱ्यातच सांगून टाकलं.

सासूबाईंच्या हातातली सुई थांबली. "कुठे? त्या डोंगरावर? रात्री अपरात्री ताप आला म्हणजे?"

"तिथल्या नऊ जणांना येतो तेव्हा काय होतं, आई?"

"ती नऊ माझी नातवंडं नाहीत!"

"म्हणूनच तर कुणी विचारत नाही."

"तू आई आहेस की मास्तरीण?"

"चार वर्षं आई घरी राहायची आणि मास्तरीण जायची. आता दोघीही जाणार."

नवरा पुढे आला. "अगं, पण एका आकड्यासाठी पोरीला..." एवढंच तो बोलला आणि नेमकं मर्मावर बोट ठेवून गेला. बाई मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिल्या. आकड्यासाठीच का? भिंगरीचा पहिला दात पडला तेव्हा त्या दुसऱ्याच कुणाच्या तरी लेकीला पाढे म्हणायला लावत होत्या. ते शिकवणं भिंगरीसाठी पुरेसं नसेल, तर त्या नऊ जणांना इतकी वर्षं देत काय होत्या त्या?

त्या बाहेर आल्या, मुलीसमोर उकिडव्या बसल्या. "येशील?"

"तिथे घसरगुंडी आहे?"

"नाही. अख्खा डोंगरच घसरडा आहे."

भिंगरीनं विचार केला. "मग आजीला नको नेऊ. पडेल ती."

सासूबाई फिसकन हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. रविवारी सकाळी मात्र त्यांनीच पोरीची पिशवी भरली, तापाचं औषध सगळ्यात वर ठेवून.

सोमवारी साहेब चढ चढून घामाघूम होऊन आले. डोकी मोजली. दहावं नाव वाचून त्यांनी बाईंकडे बघितलं.

"माझीच आहे," बाई म्हणाल्या. "खोटी नाही, पाहुणी नाही. रोज येईल."

"आणि पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी बंद करायला या. चहा पाजू आणि परत पाठवू."

साहेब हसले नाहीत, पण पटावर सही करून पायवाटेला लागले.

मधल्या सुट्टीत भिंगरी पहिल्यांदा धाडकन पडली. गुडघा सोलला, रक्त आलं. भोकाड पसरून ती धावत सुटली, "आई!" आणि ओसरीशी येऊन थबकली. बाईंपुढे दोन पोरं उभी होती. एकाच्या बोटात काटा रुतला होता, दुसरीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. बाईंचे हात शिवशिवले. पोरीला उचलून घ्यावं, बाकी जग गेलं उडत, असं वाटलं. त्यांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि काट्यावर सुई टेकवली.

भिंगरीनं बाहीनं नाक पुसलं आणि ती त्या दोघांच्या मागे जाऊन उभी राहिली.