बुवाची दाढी काळी का पडते

प्राणी हवाली करताना ॲनिशाच्या डोळ्यांत टिपूस आला नाही. मीराने ते तिथल्या तिथे हेरलं आणि नंदाखालहून विरारला येईपर्यंत रिक्षात तेच मनात घोळवत बसली. लहानाचं मोठं केलेलं जनावर कुणी असं पिशवीतली भाजी दिल्यासारखं देऊन टाकतं का? पोरगी नर्स होती, नोकरीसाठी आयर्लंडला निघाली होती, घाईत होती हे खरं. पण घाईतल्या माणसालाही डोळे पुसायला कितीसा वेळ लागतो?

मीराची सगळी नोकरी विमा कंपनीच्या दावे विभागात गेली होती. आगीत जळालेला माल आगीच्या आधीच दुसऱ्या गोदामात हललेला असतो, आणि चोरीला गेलेला हार पुढच्या लग्नसराईत त्याच गळ्यात दिसतो, असल्या गोष्टी पाहण्यात तिचा जन्म गेला. गेल्या वर्षी तिने स्वेच्छानिवृत्ती घेतली, पण नजर काही निवृत्त झाली नाही.

मुलगा हर्षवर्धन बंगळुरूला. नवरा प्रल्हाद सकाळी बोईसरच्या कारखान्यात जायचा तो दिवेलागणीला परतायचा. सोबतीला कुत्रं-मांजर आणावं, तर मीराला दमा. केसाळ प्राणी घरात नको म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. तेव्हा हर्षवर्धननेच सुचवलं, "आई, दाढीवाला ड्रॅगन पाळ." नाव मोठं, पण प्राणी म्हणजे ऑस्ट्रेलियातला सरडा. हातभर लांब, मातकट पिवळा, गळ्याखाली काट्यांची झालर. घाबरला किंवा चिडला की ती झालर फुगते आणि काळी पडते. तीच त्याची दाढी. ओळखीतून ॲनिशाचं नाव कळलं. मीराने आधी परदेशी प्राण्याची वनखात्याकडची नोंद आपल्या नावावर करून घेतली, मगच त्याला घरात आणलं. ॲनिशा त्याला रेक्स म्हणायची. प्रल्हादने दाढी बघून त्याचा 'बुवा' केला.

"एकटाच वाढलाय, आंटी. सगळं खातो. काही त्रास नाही," ॲनिशाने सांगितलं होतं. आधी पाठवलेल्या व्हिडिओत तो ताटलीतले किडे झपाझप टिपतही होता.

हॉलमध्ये भिंतीलगत मोठी काचेची पेटी मांडली. एका टोकाला उष्णतेचा दिवा आणि त्याखाली बसायला सपाट दगड. तिथे चाळीस अंशांच्या आसपास ऊब हवी. दुसरं टोक गार, म्हणजे त्याला हवं तसं इकडून तिकडे जाता येतं. वर अतिनील किरणांची ट्यूब, कारण तिच्याशिवाय त्याची हाडं ठिसूळ होतात, आणि खिडकीच्या काचेतून येणारं ऊन त्या कामाला उपयोगी पडत नाही. दिवे वेळेवर लागावेत आणि विझावेत म्हणून प्लगला एक टायमर. वसईच्या प्राण्यांच्या डॉक्टर क्षितिजा यांनी फोनवर बजावलं होतं, "पहिला आठवडा त्याला हात लावू नका. घर बदललंय, त्याला रुळायला वेळ द्या."

मीराने हात लावला नाही. आगाशीच्या बाजारातून शेवग्याचा पाला आणला, लाल भोपळा किसला, दुकानातून आणलेले रातकिडे कॅल्शियमच्या पुडीत घोळून आत सोडले. बुवाने कशालाच तोंड लावलं नाही. रातकिडे त्याच्या पाठीवरून फिरले तरी तो हलेना. शेवटी तिनेच ते वेचून बाहेर काढले. दिवसभर तो गार टोकाला काचेकडे पाठ करून चिकटून बसे, आणि दाढी काळी ती काळीच.

एक गोष्ट मात्र तो करायचा. मधूनच वळायचा, पुढचा एक पाय उचलायचा आणि हवेत सावकाश गोल फिरवायचा.

"बघ, नमस्कार करतोय," प्रल्हाद खूश होऊन म्हणाला.

"कुणाला? तुम्ही इकडे बसलाय, तो तिकडे बघतोय."

"बुवा आहे तो. त्याला दिसत असेल काहीतरी."



एके सकाळी ती बाजारातून परतली तेव्हा पेटीतला दिवा बंद होता. दगड हाताला गार लागला. तिने टायमरवरचं बटण दाबून दिवा हातानेच सुरू केला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. दोन्ही वेळा घरात प्रल्हाद एकटा होता. पेपर वाचताना हा उजेड डोळ्यांवर येतो, असं तो आल्या दिवसापासून कुरकुरत होता. हेतू होता, संधी होती. मीराला आणखी काही लागत नसे.

"दिवा तुम्ही बंद करता का?" तिने विचारलं.

प्रल्हाद बूट घालत होता. "मी कशाला बंद करीन?"

"डोळ्यांवर येतो म्हणून. मी आले की परत लावू, असं वाटत असेल. पण ऊब नसेल तर त्याला पचत नाही. पचत नाही म्हणून तो खात नाही."

प्रल्हादने नाडी बांधली, उठला आणि शांतपणे म्हणाला, "मीरा, माझा दावा मंजूर करायचा की नाही ते तू ठरव. मी निघतो." संध्याकाळी आल्यावरही तो कामापुरतंच बोलला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. विरारला त्याचं कुणाला काही वाटत नाही, पण मीरा पेटीसमोरच बसली होती. वीज आली, दिवा लागला, आणि तिची नजर टायमरवर गेली. त्याच्या तबकडीवर अजून सकाळच होती. वीज जाईल तेवढा वेळ तो थांबायचा आणि आल्यावर तिथूनच पुढे चालायला लागायचा. अशा प्रत्येक खेपेला तो मागे पडत गेला होता, आणि सकाळचा दिवा उशिरा लागत होता.

रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "टायमर मागे पडला होता. वीज जाते ना, त्यामुळे."

"बरं."

"म्हणजे तुम्ही नव्हता."

"हे तू मला सांगतेस?" प्रल्हाद म्हणाला. मग त्यानेच भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "त्याने आज काही खाल्लं का?"

खाल्लं नव्हतं. टायमर बदलला, ऊब नीट झाली, तरी तो खाईना. पाठीचा कणा वर दिसायला लागला. मग मीराने त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून डब्यात घातलं आणि वसईला नेलं.

डॉ. क्षितिजांनी वजन केलं, तोंड उघडून पाहिलं, पोट चाचपलं. शेपटीपाशी त्यांचा हात थांबला. टोक बोथट होतं, जणू कुणी पेन्सिल मोडावी तसं.

"हा चावा आहे," त्या म्हणाल्या. "जुना, भरून आलेला. पालीसारखी याची शेपूट परत येत नाही. दुसऱ्याबरोबर एका पेटीत होता का?"

"एकटाच वाढलाय, असं सांगितलंय मला."

"कुणी?"

"जिने दिला तिने."

मीराने फोनवर पाय फिरवतानाची फिल्म दाखवली. "हा असा नमस्कार करतो."

"नमस्कार नाही हा. मी लहान आहे, तुझ्या वाटेला जात नाही, मला मारू नकोस, असं दांडग्या सरड्याला सांगायची ही रीत आहे. घरात आणखी कुठला प्राणी आहे?"

"कुणीच नाही."

"मग हा कुणाला सांगतोय ते बघा. भीती गेली की खाईल. विष्ठा मिळाली की तपासायला आणा, जंतही असतील. पण आधी भीतीचं बघा."

दवाखान्याच्या पायरीवरच मीराने ॲनिशाचा जुना व्हिडिओ उघडला. किडे टिपणारा तो सरडा वळला तिथे तिने चित्र थांबवलं आणि बोटांनी मोठं केलं. शेपूट शेवटपर्यंत निमुळती, सुईसारखी टोकदार. व्हिडिओतला सरडा बुवा नव्हताच.

तिने कुणाला फोन केला नाही. फोन केला की माणसाला तयारीला वेळ मिळतो. बुवाला घरी ठेवून तिने तशीच नंदाखालची रिक्षा धरली.

केळीच्या वाडीतून आत गेलं की ॲनिशाचं घर. ओटीवर तिची आई ब्रेंडा बॅगांना नावाच्या चिठ्ठ्या लावत होती. मीराला पाहताच तिने आत बघून लेकीला काहीतरी सांगितलं, त्यांच्या घरच्या बोलीत. मीराला एक शब्दही लागला नाही, पण त्यातली घाई लागली. ॲनिशा बाहेर आली ती दार मागे ओढून घेत.

"आंटी, तुम्ही? रेक्स बरा आहे ना?"

"पाणी देतेस का?" मीरा म्हणाली आणि तिच्यासोबतच आत गेली.

आतल्या खोलीत खिडकीपाशी तशीच काचेची पेटी होती. दगडावर एक जाडजूड सरडा ऐसपैस पसरला होता, आणि त्याची शेपूट सुईसारखी टोकदार होती.

"हा रेक्स," मीरा म्हणाली. "मग माझ्याकडचा कोण?"

ॲनिशाने पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला. मागोमाग आत आलेल्या आईकडे पाहिलं. ब्रेंडाने मान खाली घातली.

"तो दुसरा, आंटी. दोघं एकदम आणलेले. लहान होते तेव्हा एकावर एक झोपायचे, मला वाटलं प्रेमाने. मग कळलं की हा त्याच्या अंगावर बसून त्याचं ऊन अडवतो. त्याचं खाणं पण हाच खायचा. दुसरी पेटी घ्यायचं म्हणता म्हणता राहिलं आणि एक दिवस याने त्याची शेपूट तोडली. मग वेगळा केला, पण तो खायचा बंदच झाला. बारीक, शेपूट तुटलेला, न खाणारा. खरं सांगितलं असतं तर कुणी नेला असता का?"

"मी नेला असता की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतंस."

"हो," ॲनिशा म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "मी जायच्या आत त्याला चांगलं घर मिळायला हवं होतं, एवढंच डोक्यात होतं. तुम्हाला नको असेल तर त्याला परत आणा. हा घेऊन जा. हा एकदम तब्येतीत आहे."

मीराने दगडावरच्या सरड्याकडे पाहिलं. त्याने तिच्याकडे बघून मान झटक्यात वरखाली केली. रुबाबदार होता, यात शंका नाही.

"आणि तो परत याच्या समोर येऊन बसणार?" ती म्हणाली. "नको."

रिक्षात तिचा राग हळूहळू उतरला आणि डॉक्टरांचा प्रश्न उरला. दांडगा तर इथे नंदाखालला आहे. मग विरारच्या हॉलमध्ये बुवा कुणापुढे शरण जातो?

घरी पोचली तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोलीतला दिवा न लावताच ती पेटीसमोर फरशीवर बसली, डोळे बुवाच्या डोळ्यांच्या पातळीला आणून. पेटीत उजेड, बाहेर अंधार. बुवा वळला, पाय उचलला, गोल फिरवला. आणि त्याच्या पुढ्यातल्या, भिंतीकडच्या काचेत एक सरडा उभा होता, त्याचंच प्रतिबिंब. तो पेटीइतकाच उजळ होता, आणि त्याची दाढी फुगलेली, काळीभोर होती. बुवा तिकडून फिरला तर बाजूच्या काचेत आणखी एक. ज्याने शेपूट तोडली तो दांडगा बुवाच्या लेखी त्याच्याबरोबर विरारपर्यंत आला होता, आणि जिकडे वळेल तिकडे उभा होता.

प्रल्हाद आला तेव्हा मीरा जुन्या कॅलेंडरची पानं कापत बसली होती.

"काय चाललंय?"

"ती चिकटपट्टी द्या. तीन बाजू झाकायच्या आहेत. समोरची तेवढी उघडी."

त्याने का म्हणून विचारलं नाही. पानं धरली, पट्ट्या लावल्या, खोलीतला दिवा लावला. बुटाच्या खोक्याला दार कापून त्यांनी ते गार टोकाला लपायला ठेवलं. मीराने नंदाखालची सगळी हकीकत सांगितली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पोरीला फार बोललीस का?"

"फार नाही."

दुसऱ्या दिवशी बुवा खोक्यात होता, दिसलाच नाही. त्यानंतरच्या सकाळी तो दगडावर येऊन बसला. दाढी कडेने फिकी झाली होती. मीराने चिमट्यात एक रातकिडा धरून त्याच्यापुढे नेला. बुवाने मान तिरकी केली, बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि जीभ बाहेर आली. कचकन आवाज झाला. प्रल्हाद मागे उभा होता. कारखान्याला उशीर होत होता, तरी दुसरा किडा जाईपर्यंत तो थांबला.

विष्ठा तपासली, जंत निघाले, औषध झालं. कण्यावर मांस धरायला लागलं. पाला मात्र तो अजून नाकारायचा. भोपळ्याचं फूल दिलं तर ते लगेच खायचा.

ॲनिशा आयर्लंडला गेली, आणि एके दुपारी ब्रेंडाचा फोन आला. आवाज अवघडलेला. "बाई, आमचा रेक्स आता मीच बघते. खातो-पितो, पण चालताना पाय थरथरतात. पोरीला सांगितलं तर तिकडे काळजी करत बसेल. तुम्ही येऊन बघाल का?"

मीरा गेली. रेक्सला उचलण्याआधी ती पेटीवर वाकली आणि ट्यूब निरखू लागली.

"ही कधी बदलली होती?"

"बदलायची कशाला?" ब्रेंडा म्हणाली. "पेटते की चांगली."

"पेटते म्हणून तर मला संशय येतोय," मीरा म्हणाली. "उजेड राहतो, त्यातले कामाचे किरण संपून जातात. पर्स घ्या तुमची. आधी याला डॉक्टरांकडे नेऊ, येताना ट्यूब आणू. आणि कॅल्शियमची पुडी कुठे ठेवता, ती मला दाखवा."