कडूबांचं नाव

ओवीला मांडीवर थोपटता थोपटता कालिंदीनं मीटिंगमध्ये बोलायचं सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, पण मुकुंदवाडीहून दवाखान्यात पोचेपर्यंत निम्मं वाटेतच सांडलं. बाळंतपणाची रजा संपून पहिलाच आठवडा, आणि आल्या आल्या हे प्रकरण: पुरुषांच्या वॉर्डातल्या श्रेया सिस्टरला ठेवायचं की घरी पाठवायचं.

घडलं होतं ते असं. इन्सुलिनचं इंजेक्शन घेऊन श्रेया खिडकीजवळच्या खाटेशी गेली. पेशंट कडूबा झोपलेले, उशाशी त्यांची बायको भागूबाई.

“पेशंटचं नाव काय, मावशी?”

भागूबाईनं खाटेवरच्या पाटीकडं बोट केलं. पाटीवर नाव दुसऱ्या पेशंटचं, आप्पासाहेबांचं, इंजेक्शनही त्यांचंच. श्रेयानं कडूबांची बाही वर सारली, तशी भागूबाई म्हणाली, “कशाची सुई हाय गं बाई? साखरेची? ह्यांला साखर नाय.”

सुई तिथंच थांबली. मग उलगडा झाला. आप्पासाहेब वयानं थोर, खिडकीपासून त्यांना संडास लांब पडायचं. म्हणून कडूबांनी दाराजवळची आपली खाट त्यांना दिली होती. माणसं हलली, पाट्या जागच्या जागी राहिल्या.

“कालिंदी, दवाखान्यातल्या चुका हाच तुमचा अभ्यास,” मीटिंगमध्ये मुख्य डॉक्टर हिमांशू सर म्हणाले. “चूक कोणाची, तेवढं सांगा.”

“सर, रुग्णसुरक्षेचा अभ्यास सुरुवातीला याच प्रश्नात अडकला होता. माणूस शोधा, काढून टाका, फाईल बंद. पण तीच चूक दुसऱ्या दवाखान्यात दुसऱ्याच्या हातून व्हायची, आणि तोही हात चांगलाच असायचा. मग अभ्यासकांनी प्रश्न बदलला: चूक होऊ शकली कशी? विमानवाल्यांकडून शिकून तपासण्या आणल्या, नियम आणले. श्रेयानं नियम पाळला, सर. तिनं नाव विचारलं.”

“मग नियम चुकला म्हणता?”

“अलीकडं अभ्यास त्याच्याही पुढं गेलाय. रोज बरोबर होतं ते कशामुळं, हे बघतात. आणि ज्याच्या जिवावर बेततं, त्याला विचारतात. आपण भागूबाईंना विचारलंच नाही.”

“आता पेशंटच्या घरचे मीटिंगला बसवायचे का?” मेट्रन पुटपुटल्या.

“बोलवा,” सर म्हणाले.

भागूबाई पदर सावरत दारातच उभी राहिली. “त्या पोरीला काढू नका, साहेब. लई गुणाची हाय. तिनं इचारलं, म्याच नाय सांगितलं.”

“का बरं?”

“धन्याचं नाव असं तोंड वर करून घ्यायचं व्हय? पाटीवर लिवलंय, वाचंल म्हणलं. मला कुठं वाचता येतंय, त्यावर कोण हाय ते.”

सर हसू दाबत चष्मा पुसायला लागले. “आमच्या आईनं जन्मभर वडिलांना ‘अहो’वर भागवलं. मग मावशी, तुम्हाला नाव विचारायचं तरी कसं?”

“उखाण्यात इचारा की. उखाण्यात घेती.”

मेट्रनसुद्धा हसल्या. श्रेया राहिली. ठरलं ते साधंच: खाट बदलली तर पाटीही माणसाबरोबर जाईल, मनगटावर नावाची पट्टी राहील, झोपलेल्याला उठवून त्यालाच नाव विचारायचं. शेवटची ओळ सरांनी स्वतः घातली, की तो बोलू शकत नसेल तर नातेवाइकाला विचारावं, आणि बायकोला उखाणा चालेल.

संध्याकाळी घरी निघताना कालिंदी वॉर्डात डोकावली. दूध दाटून आलं होतं, ओवी वाट बघत असेल. तरी पाय थांबले. श्रेया सुई घेऊन खिडकीशी उभी होती, या वेळी इंजेक्शन कडूबांचंच. कडूबांनी स्वतःचं नाव सांगितलं, पण भागूबाईला कुठं दम निघतोय.

“देवगाव रंगारी माझं सासरचं गाव,
सुई टोचायच्या आधी घेते कडूबांचं नाव.”

सगळा वॉर्ड हसला. दाराजवळून आप्पासाहेब म्हणाले, “अन् आमची मंडळी घरी बसल्यात. आमचं कोण घेणार?”

“तुमचं मी घेते, बाबा,” श्रेया म्हणाली, “पण आधी तुम्ही सांगा.”

कालिंदी हसत हसतच जिना उतरली.