हिरवी बोटं

ट्रूडीने कापसाचा बोळा रंगद्रव्यात बुडवला आणि आपल्या प्रयोगवहीच्या कडांवरून हळूच फिरवला. वाळल्यावर डाग दिसेना. अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याखाली मात्र तो हिरवा चमकणार होता. शेजारच्या टेबलावर तिच्या सहकाऱ्याची, ब्रॅडीची वही होती. तिच्या कडांना तिने निळा चमकणारा रंग लावला, बोळे फेकले आणि जेवायला गेली.

मिनेसोटातल्या या प्रयोगशाळेत तिला दोन वर्षं होत आली होती. मेडिकलचा अर्ज उद्या पाठवायचा होता आणि त्यातले दोन चौकोन अजून रिकामे होते: फक्त डॉक्टरी, चार वर्षं, किंवा डॉक्टरी आणि संशोधन मिळून आठ. तिला दुसराच हवा होता. त्यासाठी प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर हॉगलंड यांचं शिफारसपत्र लागणार होतं. ते पत्र अर्जदाराने वाचायचं नाही असा रिवाज असल्याने तिने तशी सहीही दिली होती. आणि गेल्याच आठवड्यात हॉगलंड म्हणाले होते, "तू आपली नुसती डॉक्टर हो."

"आजवर इथून जो गेला त्याला त्यांनी आठ वर्षांतच ढकललं," जेवताना रोझलिन म्हणाली. उंदरांची देखभाल करण्यात तिची वीस वर्षं गेली होती. "तुझ्यातच काय वाकडं दिसलं म्हातारबाला?"

"माझ्यात नाही. माझ्या वहीत."

एप्रिलमध्ये ट्रूडीला म्हाताऱ्या उंदरांच्या हृदयावरचे व्रण भरून येताना दिसले होते. त्यानंतर दोनदा तिची वही जागेवरून हललेली होती. कुठेतरी पाणी मुरत होतं. तिला बाजूला सारायचं आणि निकाल ब्रॅडीच्या नावावर खपवायचा, दुसरं काय?

"अगं, सरळ विचार की त्यांना."

"सरळ विचारलं तर सरळ सांगतील?"

रोझलिनने उरलेलं सँडविच गुंडाळून ठेवलं. "दोन वर्षं गाय होतीस. आज काय चावलं तुला?"

परत आल्यावर ट्रूडीने हॉगलंडना अंधाऱ्या खोलीत बोलावलं. चाचणीच्या निकालाची एक चमकती पट्टी नीट वाचता येत नाही, असा बहाणा केला. त्यांनी वाकून पट्टीकडे बोट दाखवलं आणि ते तसंच राहिलं. पाचही बोटांची टोकं हिरवीगार चमकत होती.

तिला राग आला होता आणि त्याहून जास्त वाईट वाटत होतं. हा माणूस तिला बापासारखा वाटायचा.

हॉगलंडनी हात उलटा करून पाहिला.

"माझ्या वहीला लावला होता," ती म्हणाली. "ब्रॅडीच्या वहीला निळा आहे."

"त्याच्या वहीला कशाला?"

"तुम्ही सगळ्यांच्याच वह्या बघत असाल, तर नुसत्या हिरव्याला अर्थ नाही. निळा कुठे दिसत नाही. म्हणजे फक्त माझीच."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले.

"मार्चमध्ये तुझा प्रयोग तीन आठवडे फसत होता," ते म्हणाले. "औषधाचं प्रमाण मी सांगितलं होतं. चुकीचं. पुढे माझ्या लक्षात आलं आणि मी गुपचूप बदलून दिलं. वहीत तू रोज लिहिलंस, माझा हात थरथरला असेल, माझं मोजमाप चुकलं असेल. हॉगलंडचं चुकलं असेल, ही एक ओळ मी शोधत होतो. तीनदा वाचलं. नाही सापडली."

"म्हणून नुसती डॉक्टर?"

"बॉसवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या माणसाने आठ वर्षं इथे काय करायचं?" ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "पत्र अजून गेलेलं नाही."

दार लागलं. ट्रूडीला हायसं वाटलं, पण ते क्षणभरच. ती गेली आणि वही घेऊन परत त्याच दिव्याखाली आली.

एकेक पान उलटलं. जानेवारी, फेब्रुवारीवर एकही ठसा नाही. मार्चपासून अंगठ्याचे हिरवे ठसे सुरू झाले, अकरा मार्चच्या पानावर तर एकावर एक. एप्रिलची पानं तिने दोनदा पाहिली, कोपरेसुद्धा. तिथे काहीच नव्हतं.

टेबलाशी येऊन तिने अर्ज उघडला आणि आठ वर्षांच्या चौकोनात खूण केली. मग वहीच्या ताज्या पानावर आजची तारीख घालून लिहिलं: अकरा मार्चच्या प्रयोगात प्रमाण चुकीचं होतं. ते डॉ. हॉगलंड यांनी सांगितलं होतं. मी पडताळून पाहिलं नाही.

प्रत्येक पानाच्या तळाशी साक्षीदाराच्या सहीची एक ओळ असते. ती रिकामी ठेवून तिने वही उघडीच त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि वर पेन.