सुतक कळल्यापासून लागतं

माझ्या नातवाच्या, कुंदनच्या, लग्नाला दुसरं वर्ष लागलं होतं, म्हणजे साल दोन हजार तेवीस. त्याची बायको दिपमाला धरणगावात घरी बसून वेबसाइट बनवते. त्या हिवाळ्यात जळगावला वेबसाइट बनवणाऱ्यांचं संमेलन भरलं आणि तिला तिथं बोलायला बोलावलं.

असं बोलावणं तिला आधीही आलं होतं. पुण्याच्या वेळी माझा एक चुलतभाऊ वारला, नाशिकच्या वेळी दुसरा. आमची भावकी मोठी आहे, आणि सुतकात आम्ही समारंभाला जात नाही. मंचावर तर नाहीच. दोन्ही वेळा दिपमालाने आयोजकांना कळवलं की घरात दुःख झालं आहे. तिसऱ्यांदाही तेच कळवलं असतं तर त्यांनी पुन्हा बोलावलं नसतं. मीही बोलावलं नसतं.

आता धुळ्याला माझी थोरली भावजय तानुबाई अंथरुणाला खिळलेली. आदल्या आठवड्यात आम्ही तिला भेटायला गेलो. दिपमालाने तिला संमेलनाचं सगळं समजावून सांगितलं. तानुबाईला त्यातलं काय कळलं ठाऊक नाही, पण तारीख कळली.

"तू जाय," ती म्हणाली. "मी थांबस."

"थांबशी ना नक्की?" मी विचारलं.

"मी तुन्हासारखी खोटारडी नही शे."

सुतक कळल्यापासून लागतं. कधी कळलं असं धरायचं, ते भावकीतला थोरला म्हणून मी सांगतो. त्यामुळे शनिवारी सकाळी हॉलच्या दारातच मी आमच्या माणसांचे फोन मागून घेतले, बंद केले आणि पिशवीच्या तळाशी ठेवले. तिथं मिळालेला टी-शर्ट त्यांच्यावर घडी करून टाकला. काही झालंच तर धुळं दोन तासांवर होतं. माझ्यावाचून तिला उचललं नसतं.

"मना फोन कसाले?" मंदाबाईने विचारलं. ती आमच्या भावकीतली, जळगावलाच राहते. कुणी कुणाच्या सुतकात पापड लाटले हे तिला पाठ असतं.

"तुनाच आधी," मी म्हणालो.

संमेलनात प्रत्येकाच्या गळ्यात नावाचं कार्ड होतं. नावाखाली काम लिहायचं होतं, मी 'शेती' लिहिलं. शेजारच्या दाढीवाल्याने ते वाचलं.

"वा, नाना! शेतीचं ॲप आहे का?"

"नाही. विहीर आहे."

त्याने मान डोलावली आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये बघायला लागला.

उद्घाटनानंतर दिपमाला मंचावर गेली. आमच्या भावकीची वेबसाइट तिनेच बनवली आहे. ज्याने कधी संगणक वापरला नाही त्यालाही तिथं स्वतः मजकूर कसा टाकता येईल, हा तिचा विषय. तिने धुळ्याच्या योगेंद्रला, तानुबाईच्या मुलाला, ते शिकवलं होतं.

"साइटवर लग्नं आहेत, साखरपुडे आहेत," ती म्हणाली, "पण लोक उघडतात ती निधनवार्तेसाठी. म्हणून नियम केलाय. कुणी गेलं की आधी साइटवर टाका, मग फोन करा."

हॉल हसला.

"थेट उघडूनच दाखवते."

फोन सगळे माझ्या पिशवीत होते. वेबसाइटचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. जिने बनवली तिनेही नाही.

भिंतीएवढ्या पडद्यावर काळ्या चौकटीतला मजकूर आला. कुंदन अर्धवट उठला. दिपमाला बोलायची थांबली. लोकांना वाटलं, नेट गेलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"नाना?" ती माइकमध्येच म्हणाली.

मी साक्षरतेच्या वर्गाला गेलो तो साठीत. छापलेलं वाचता येतं, पण अवघड अक्षराला थांबावं लागतं. पहिला शब्द 'दुःखद' होता.

मी उभा राहिलो. "वाचतोय मी. मला वेळ लागतो. तू तुझं चालू दे."

"पण नाना..."

"वाचून झालं की सांगतो."

कुंदन खाली बसला. काळजी मंदाबाईची होती. ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मना चष्मा घर राही गया," ती शेवटी म्हणाली.

चष्मा तिच्या नाकावर होता.

दिपमालाने पाणी घेतलं आणि सुरुवात केली. मजकूर कसा लिहायचा, तो कच्चा कसा ठेवायचा, प्रसिद्ध करायचा अधिकार कुणाला द्यायचा. दाखवायला समोर तीच चौकट होती, म्हणून तिने तीच दाखवली.

"ही आज सकाळीच टाकलेली आहे," ती म्हणाली. "टाकणाऱ्याने सहा महिन्यांपूर्वीपर्यंत माऊस हातात घेतला नव्हता. यात एकही चूक नाही." मग तिने पुढचं सांगितलं.

मी 'दुःखद'वरच होतो.

लोकांनी प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली. टाळ्या वाजल्या. शाल आणि श्रीफळ देऊन झालं. ती मंचावरून उतरून माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"झालं वाचून," मी म्हणालो.

तेव्हा ती रडली. मंदाबाईने पदर तोंडाला लावला आणि दुसऱ्या हाताने माझ्याकडे फोन मागितला.

बाहेर मांडवात भरीत-पुरीची पंगत बसत होती. दाढीवाला आडवा आला. "नाना, जेवल्याशिवाय कुठं निघालात?"

"सुतक शे."

"अरेरे. कधीपासून?"

"आत्तापासून."

आम्ही तसेच गाडीत बसलो. शाल दिपमालाने नारळासकट माझ्या पिशवीत ठेवली. धुळ्याला पोचलो तेव्हा योगेंद्र दारातच उभा होता. मला काही विचारायच्या आधी त्याने तिला विचारलं, "दिपमाला, बराबर टाकं ना मी?"

"बराबर टाकलं," ती म्हणाली.

माझी थोरली भावजय तानुबाई धुळ्याला योगेंद्रच्या घरी शनिवार, ९ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी वारली.