मिठाच्या पिठातला हात

सकाळपासून तिसऱ्यांदा पीठ मळत होते. पहिल्या वेळी पाणी जास्त झालं, कारण “पाऊण वाटी म्हणजे पूर्ण वाटीच, फक्त कंजूषपणे” असा युक्तिवाद करून माझ्या आठ वर्षांच्या भाचीने अख्खी वाटी ओतली. तिला घरात वकीलबाई म्हणतात ते उगाच नाही. दुसऱ्या वेळी गोळा सुरेख जमला आणि तिचा दीड वर्षाचा भाऊ, आमचा गुंडोपंत, त्याच्यावर बसला.

मुलांची आई नर्स आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसने ती वर्षभराच्या कामासाठी परगावच्या हॉस्पिटलात निघणार होती. वकीलबाईला तिच्याबरोबर स्वतःचा हात पाठवायचा होता.

“फोटो दे ना,” मी सुचवून पाहिलं.

“फोटोत बोट घालता येत नाही, आत्या.”

हात करून देते, असा शब्द देऊन बसले.

कृती तशी पोरखेळच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाऊण वाटी पाणी. घट्ट मळायचं, बोटभर जाड थापायचं, त्यात हात दाबायचा, पेनाच्या टोपणाने वर रिबिनीसाठी भोक पाडायचं आणि ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर तीन तास वाळवायचं. तिसऱ्या गोळ्यासाठी डबा खरवडून मैदा काढला. सुट्टीचा दिवस, खालचं दुकान बंद. म्हणजे हा शेवटचा.

पावणेचारला वकीलबाईचा हात उमटला. असा देखणा, की करंगळीचा बाक आणि दारात चेमटलेल्या बोटाचा वळही दिसत होता. ट्रे ओव्हनमध्ये सरकवला, बटण सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवलं. उरलेल्या मोसंबीएवढ्या गोळ्यात गुंडोपंताचा हात घ्यायचा होता. तेवढ्यात चार वाजले.

रोज चार ते पाच मी मौन पाळते. अकरा वर्षं झाली. तापात पाळलं, प्रवासात पाळलं, एकदा तर दाढ काढून घेताना पाळलं. त्याचं श्रेय डॉक्टरांनी इंजेक्शनला दिलं ती गोष्ट वेगळी. एरवी मी माझ्या खोलीत जाऊन बसते. पण काम अर्ध्यावर होतं. मनाशी म्हटलं, हात चालू आणि तोंड बंद, यात व्रताला बाधा ती कसली? तिथेच चुकलं.

चार वाजून वीस मिनिटांनी माझा धाकटा भाऊ, म्हणजे मुलांचा बाप, आला. तो इलेक्ट्रिशियन. घरातली कुठलीही चालू वस्तू त्याला बिघडलेली वाटते.

“काय ताई, ओव्हन नुसता कोमट! किती वेळ ठेवायचंय हे?”

“तीन तास,” वकीलबाई म्हणाली.

“मंद आचेवर तीन तास, म्हणजे पूर्ण आचेवर अर्धा तास. साधं गणित आहे.” आणि त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

माझ्या एका हातात गुंडोपंताचं मनगट, दुसऱ्याने त्याची बोटं गोळ्यात दाबलेली. सोडलं तर शेवटचा गोळा थेट त्याच्या पोटात. मी भुवया उडवल्या, ओव्हनकडे मान झटकली, डोळे मोठे केले.

“घुबड!” वकीलबाई ओरडली.

“नाही गं, उचकी लागलीय तिला. पाणी आण.”

तिने पेला आणून माझ्या ओठांना लावला. मी पाण्यासकट मान हलवली. जमिनीवर पाय आपटला, दोनदा.

“दोन शब्द!” भाऊ खूश झाला. “सिनेमाचं नाव का?”

एक शब्द पुरला असता. बंद. तो जिभेच्या टोकापर्यंत आला आणि मी गिळला. अकरा वर्षं, मनात आलं. देव पाहतोय.

मग करपल्याचा वास आला.

ट्रे बाहेर निघाला तेव्हा हात राहिला नव्हता. बोटं फुगून एकमेकांत मिसळलेली, तळव्याला मधोमध भेग, कडा तपकिरी.

“फुगला जरा,” भाऊ म्हणाला.

वकीलबाई रडली नाही. तिने बापाकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहिलं.

“आत्या, तुला माहीत होतं?”

मी मान खाली घातली.

“तू बघत होतीस. आणि बोलली नाहीस.”

देव पाहतोय एवढंच माझ्या ध्यानात होतं. पोरगीही पाहत होती.

“चुकलं माझं,” मी म्हणाले.

भावाने घड्याळाकडे पाहिलं. “ताई! अजून बावीस मिनिटं बाकी आहेत!”

“आहेत. ती सगळी आता तुझ्यासाठी. लोकांचे ओव्हन तू दुरुस्त करतोस ना? ज्यांनी एकदा बोलावलं ते लोक परत बोलावतात का रे तुला?”

“नेहमी बोलावतात!”

“तेच म्हणतेय मी.”

या भानगडीत गुंडोपंत सुटला होता. त्याने गोळ्याचा लचका तोडला, खारट लागताच थुंकला. वकीलबाईने तेवढा तुकडा टाकला, बाकीचं पुन्हा मळलं आणि पातळ थापलं.

“आधी माझा हात. मग माझ्या तळव्यात याचा.”

“धड कोणाचाच ओळखू येणार नाही गं.”

“आई ओळखेल,” ती म्हणाली. खटला संपला.

ट्रे आत गेल्यावर मी बटण खालच्या आकड्यावर आणलं, ओढून काढलं आणि मुठीत घेऊन ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसले.

“उद्या मौन पाळणार?” वकीलबाईने विचारलं.

“पाळणार.”

“आणि कोणाचं काही जळत असेल तर?”

“तर बोलेन.”

“लिहून दे.”

दिलं. शिवाय अंगठा उठवून घेतला तिने, पिठाचा.

रात्री साडेआठला त्यांची आई सामान बांधता बांधता थांबली. तिने मोठ्या पंजाच्या वाकड्या करंगळीत बोट फिरवलं, मग आतल्या इवल्या तळव्यात टेकवलं, आणि बराच वेळ उचललं नाही. मुलांना कुठला हात कोणाचा हे तिने विचारलं नाही.

“मधे जरा ओलसर वाटतंय का?” भाऊ वाकून म्हणाला. “पाच मिनिटं तापवू?”

“नाही!” आम्ही तिघी एकदम ओरडलो. माझाच आवाज सगळ्यात मोठा होता, हे गुंडोपंत दचकून रडायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं.